भिंतीखालची खापरं

कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने दारावरच्या आडव्या लाकडाची एक ढलपी काढली, हुंगली आणि आपल्या पेन्सिलीशी ताडून पाहिली. रंग तसाच तांबूस, वासही तसाच. पेन्सिल सीडरची, म्हणजे हे लाकूडही सीडरच. सीडर लेबनॉनहून येतं. लेबनॉनचं सीडर भूमध्य समुद्राकाठचे फिनिशियन लोक पुरवत आणि बायबल सांगतं की सॉलोमन राजाने जेरुसलेमचं मंदिर त्याच लाकडाने सजवलं. तेव्हा आफ्रिकेच्या ऐन पोटात उभी असलेली ही दगडी वास्तू सॉलोमनच्या भेटीला गेलेल्या शेबाच्या राणीचा महाल असणार! पेन्सिलीपासून शेबाच्या राणीपर्यंतची मजल माउखने एका दमात मारली. ते लाकूड खरं तर टांबोटी नावाच्या झाडाचं होतं आणि ते झाड त्याच मुलखात उगवतं.

माउख तिथे पहिल्यांदा पोहोचला तो सप्टेंबर 1871 मध्ये. झाम्बेझी आणि लिंपोपो या दोन नद्यांच्या मधलं पठार, आजच्या मस्विंगो शहराजवळची जागा. आज आपण तिला ग्रेट झिंबाब्वे म्हणतो. सातशे हेक्टरांहून जास्त पसारा आहे. एका उंच ग्रॅनाइटच्या टेकडीवर मोठमोठ्या शिळांच्या सांदीसांदीतून बांधलेल्या भिंती, खाली खोऱ्यात विखुरलेली लहान आवारं, आणि टेकडीच्या दक्षिणेला ते प्रसिद्ध मोठं आवार. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे 250 मीटर, उंची काही ठिकाणी 11 मीटर आणि जाडी 5 मीटरच्याही वर. आत एक भरीव, निमुळता बुरूज. या सगळ्या कामात ना चुना, ना चिखल. तिथला ग्रॅनाइट पापुद्र्यासारखा सुटतो. विस्तव पेटवून तो तापवायचा, पाणी ओतायचं, की सपाट चिपा निघतात. त्या चिपांच्या विटा फोडून एकावर एक नुसत्या रचलेल्या.

या भिंतींवर छप्पर कधीच नव्हतं. माणसं राहत होती ती मातीच्या गोल घरांत, आणि भिंती त्या घरांना वेढून, त्यांना एकमेकांपासून आणि लोकांच्या नजरेपासून अलग करत उभ्या होत्या. माती गेली, दगड राहिले. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटलं की हा महाल किंवा हे मंदिर, आणि इथले लोक तर मातीच्या झोपड्यांत राहतात, म्हणजे बांधणारे कुणी वेगळे. वास्तविक आवाराच्या आतली पडलेली घरं आणि आजूबाजूच्या शोना लोकांची राहती घरं यांची जात एकच होती. ते कळायला जमीन उकरून पाहायला हवी होती, आणि उकरण्याआधीच उत्तर ठरलं होतं.

ते उत्तर ज्यांच्या सोयीचं होतं ती माणसंही लवकरच आली. 1889 मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला इंग्लंडच्या राणीची सनद मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीच्या तुकडीने हा मुलूख ताब्यात घेतला. ग्रेट झिंबाब्वेत मऊ दगडात कोरलेले पक्षी सापडले होते, त्यांतला एक ऱ्होड्सने विकत घेतला आणि केप टाउनच्या आपल्या घरात ठेवला. 1891 मध्ये त्याच्या पाठबळावर थिओडोर बेंट उत्खननाला आला. त्याने खणलं तेव्हा खालून काय निघालं? स्थानिक घाटाची मडकी, लोखंडी बाणांची टोकं, आसपासच्या गावांत तेव्हाही वापरात असलेल्या वस्तूंचे जुने भाऊबंद. बेंटने ते सगळं पाहिलं, नोंदलं आणि पुस्तकात लिहिलं की हे काम अरबस्तानाकडच्या किंवा फिनिशियन लोकांचं. त्याच्याबरोबरच्या मोजणीदाराने वक्र भिंतींवरून ताऱ्यांच्या दिशा काढून बांधकामाला हजारो वर्षांचं वय बहाल केलं. वक्र भिंतीचा सोयीचा भाग धरला तर हवा तो तारा सापडतो, ही गोष्ट अलग.

यामागचा हिशेब सरळ होता. जर फार पूर्वी भूमध्य समुद्राकाठचे गोरे किंवा निमगोरे लोक इथे येऊन सोनं काढत होते, राज्य करत होते, तर ऱ्होड्सची तुकडी म्हणजे आक्रमण नव्हे. ती आपल्या पूर्वजांचा वारसा परत घ्यायला आलेली मंडळी ठरते. आणि शोना लोक? ते मधल्या काळात कुठून तरी येऊन दगडांत शिरलेले. जमीन हिसकावून घेणाऱ्याला असा इतिहास बंदुकीइतकाच उपयोगी पडतो, आणि त्याला दारूगोळाही लागत नाही.

याच सुमाराला, 1895 मध्ये, त्या मुलखातल्या जुन्या अवशेषांमधून सोनं काढण्यासाठी चक्क एक कंपनी निघाली. ग्रेट झिंबाब्वे तिच्या परवान्यातून वगळलेलं होतं, पण बाकीच्या जागा तिने उकरल्या आणि सापडलेले दागिने वितळवले. मग 1902 मध्ये रिचर्ड हॉल या गृहस्थाला ग्रेट झिंबाब्वेची देखभाल करायला नेमलं गेलं. या प्रकरणातल्या सगळ्या माणसांत मला सर्वांत जास्त चीड येते ती याच माणसाची. ऱ्होड्सला सत्ता हवी होती, ते समजतं. हॉल प्रामाणिकपणे समजत होता की आपण स्मारक स्वच्छ करतो आहोत. प्राचीन परक्या बांधकामावर नंतरच्या आफ्रिकन लोकांची घाण साचली आहे, ती काढली की खालचं मूळ वैभव दिसेल, या समजुतीने त्याने मोठ्या आवारातले मातीचे थर काही ठिकाणी तीन-चार मीटरपर्यंत उपसून फेकून दिले. शेवटी त्याला राखणदारीवरून काढलं गेलं, पण तोवर दोन वर्षं गेली होती.

त्याने काय फेकलं हे कळायला उत्खननाची एक साधी गोष्ट पुरते. घरातला रद्दीचा गठ्ठा आठवा. तळाशी जुना अंक, वर नवा. मधल्या दोन अंकांत एखादं बिल सापडलं, तर त्यावर तारीख नसली तरी ते कधी ठेवलं गेलं हे सांगता येतं. गठ्ठा उलटापालटा केला की बिल हाती राहतं, तारीख जाते. जमिनीचे थर असेच असतात. एखादं मडकं सुंदर आहे की फुटकं, याला पुरातत्त्वात फारशी किंमत नाही. ते कोणत्या थरात, कशाच्या खाली आणि कशाच्या वर सापडलं, याला सगळी किंमत. हॉलने जी 'घाण' फेकली तोच ग्रेट झिंबाब्वेचा इतिहास होता: घरांच्या जमिनी, चुली, राख, खापरं, गुरांची हाडं. हेच नेमकं त्याला नको होतं.

1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर तिथे आला. इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पीट्रीच्या हाताखाली तयार झालेला, खापरांवरून काळ वाचायला शिकलेला माणूस. काही आठवडेच राहिला, पण त्याने खणताना उलट प्रश्न विचारला: भिंत बांधली जात असताना तिथे राहणारे लोक कोणती भांडी वापरत होते? भिंतीच्या बरोबरीच्या थरांत त्याला आफ्रिकन मडकी मिळाली, आणि त्यांच्यासोबत ज्या परदेशी वस्तू मिळाल्या त्या सॉलोमनच्या काळच्या नव्हत्या. मध्ययुगातल्या होत्या. त्याने लिहून टाकलं की हे बांधकाम आफ्रिकन आहे आणि मध्ययुगीन आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांत एकच गदारोळ उठला. हॉलने उत्तरादाखल एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पुस्तक जाड असलं की वजन येतं, ही समजूत जगात सगळीकडे सारखीच.

वाद मिटेना म्हणून ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने 1929 मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांना पाठवलं. त्यांच्या सोबत आणखी दोन स्त्रिया होत्या, त्यांतली एक कॅथलीन केन्यन; पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जिचं नाव जगभर झालं तीच ही. कॅटन-थॉम्पसन यांनी जागा निवडली तीच विचारपूर्वक. मोठ्या आवारात हॉलने थर शिल्लकच ठेवले नव्हते. म्हणून त्यांनी खोऱ्यातलं एक कमी छेडलेलं आवार घेतलं आणि भिंतींच्या खाली काय आहे ते पाहिलं. भिंतीच्या आतली वस्तू भिंतीनंतरची असू शकते, पण पायाखाली गाडली गेलेली वस्तू भिंतीच्या आधीचीच असणार. मोठ्या आवारातल्या निमुळत्या बुरुजाखाली त्यांनी बोगदा काढला. तिथे ना खजिना निघाला, ना एखाद्या राणीचं थडगं. बुरूज आतून भरीव होता, संपला विषय. वरून पाहणी करायला त्यांनी विमानही वापरलं, आणि ते साल 1929 आहे हे लक्षात घ्या.

भिंतीखालून स्थानिक खापरं आली आणि काचेचे मणी आले. मणी बाहेरचे, हिंदी महासागराच्या व्यापारातले होते, आणि त्यांचं नातं जोडताना कॅटन-थॉम्पसन यांना भारताकडे पाहावं लागलं. पठारावरचं सोनं आणि हस्तिदंत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरातून किल्व्याला जात होतं आणि बदल्यात मणी, कापड, चिनी भांडी येत होती. या व्यापाराचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. चौलला सापडलेल्या काचेच्या मण्यांची रासायनिक घडण आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच मण्यांची घडण एकाच गटातली निघाली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे त्या अभ्यासात होते. परक्यांचा ग्रेट झिंबाब्वेशी संबंध होताच. तो गिऱ्हाइकाचा आणि दुकानदाराचा होता, बांधणाऱ्याचा नव्हता.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या असोसिएशनच्या अधिवेशनात कॅटन-थॉम्पसन यांनी निष्कर्ष मांडला: हे काम मुळापासून आफ्रिकन आहे. सभेत रेमंड डार्ट संतापला. हा तोच डार्ट, ज्याने 1925 मध्ये टाउंग इथली बालकवटी जगापुढे ठेवली आणि माणसाचं मूळ आफ्रिकेत शोधायला हवं असं सांगून युरोपातल्या पंडितांची थट्टा सोसली. अख्ख्या मानवजातीचा पाळणा आफ्रिकेत होता हे तो मानायला तयार होता, पण सहाशे-सातशे वर्षांपूर्वी आफ्रिकन माणसांनी एक भिंत बांधली हे मानायला तयार नव्हता. विद्वत्ता माणसाला एका खोलीत शहाणं करते आणि शेजारच्या खोलीत तसंच ठेवते. शेबाच्या राणीच्या भक्तांची पत्रं पुढे कॅटन-थॉम्पसन यांच्याकडे येतच राहिली. ती ठेवायला त्यांनी एक वेगळी फाइल केली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: वेडसर.

छद्मविज्ञान म्हणजे चुकीचं विज्ञान असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर कॅटन-थॉम्पसनही त्यात आल्या असत्या, कारण त्यांनी सुचवलेला सुरुवातीचा काळ प्रत्यक्षापेक्षा बराच आधीचा निघाला. आज मुख्य बांधकाम साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात बसतं. 1950 च्या दशकात तर रेडिओकार्बननेही घोटाळा केला. मोठ्या आवारातल्या एका गटाराच्या वरच्या लाकडाचं वय सहाव्या-सातव्या शतकातलं आलं, आणि परकीयवाद्यांच्या जिवात जीव आला. ते लाकूडही टांबोटीचंच. टांबोटीचं झाड शतकं जगतं, कापल्यावरही टिकतं आणि पुन्हा वापरता येतं. लाकडाचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे. तेव्हा पुरातत्त्ववाल्यांनी वेगवेगळ्या थरांतून आणखी नमुने घेतले, खापरांच्या क्रमाशी ताडले आणि भिंतींच्या रचनेच्या शैलीही क्रमाने लावल्या. काळ बदलला, निष्कर्ष सुधारला. माउखच्या गोटाचं मात्र उलटं. सीडर खोटं ठरलं तर तारे आणले, तारे खोटे ठरले तर बुरूज, बुरूज भरीव निघाला तर आणखी काही. पुरावा कोणताही असो, बांधणारा आफ्रिकन नाही एवढं एकच कलम कायम.

आणि ते कलम सरकारी व्हायलाही वेळ लागला नाही. नोव्हेंबर 1965 मध्ये इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारने या मुलखाचं, म्हणजे ऱ्होडेशियाचं, स्वातंत्र्य एकतर्फी जाहीर केलं. बहुसंख्य काळ्या लोकांना राज्य करता येणार नाही, हा त्या राजवटीचा पाया, आणि तिच्या नाकासमोर त्याच लोकांच्या पूर्वजांची राजधानी उभी. 1969 मध्ये संसदेत एका सदस्याने तक्रार केली की पर्यटकांच्या माहितीपुस्तकात एकच बाजू मांडली जाते. 'दुसरी बाजूही मांडा' हे वाक्य ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण ज्या प्रश्नाचं उत्तर जमिनीतून निघालं आहे तिथे दुसरी बाजू मागणं म्हणजे उत्तर पुसायची विनंती. स्मारकांचे वरिष्ठ निरीक्षक पीटर गार्लेक हे दडपण सोसून थकले आणि 1970 मध्ये देश सोडून गेले. 1973 मध्ये त्यांचं ग्रेट झिंबाब्वेवरचं पुस्तक आलं, ते आजही या विषयाचा आधार आहे.

माणसांचा अभ्यास करणारं मानवशास्त्र या सगळ्यात धुतल्या तांदळासारखं होतं, असं मुळीच नाही. ऱ्होड्सच्या राज्याला पुरातत्त्वातल्या भाटांनी टेकू दिला, तसा जर्मन वसाहतवादाला मानवशास्त्रातल्या प्राध्यापकांनी दिला. ऑयगेन फिशर हा त्यांतला मोठा. आजच्या नामिबियातल्या मिश्रवंशीय समाजाची मोजमापं घेऊन त्याने वंशमिश्रणाविरुद्ध ग्रंथ लिहिला होता, आणि 1927 मध्ये बर्लिनला निघालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचा तो प्रमुख झाला. त्याच्याकडे त्याच सुमाराला पुण्याहून एक विद्यार्थिनी आली: इरावती कर्वे. फिशरचा तर्क असा होता की गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी तर्कशुद्ध, म्हणून त्याच्या मेंदूची एक बाजू मोठी, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसणार. इतर वंशांत हे दिसणार नाही. इरावतीबाईंना काम मिळालं ते कवट्या मोजून हे तपासण्याचं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. असमानता निघाली, पण ती सगळीकडेच निघाली. वंशाशी तिचा काही संबंध लागला नाही. प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं.

कॅटन-थॉम्पसन ऱ्होडेशियात भिंतीखाली खणत होत्या ती हीच वर्षं. दोघींची एकमेकींशी ओळख असण्याचं कारण नाही. पण दोघींपुढे प्रश्न एकच होता, आणि दोघींना काम देणाऱ्या जगात त्याचं उत्तर आधीच छापून तयार होतं. परदेशातून आलेली, हिंदुस्थानासारख्या गुलाम देशातली विद्यार्थिनी, जिची पदवी याच प्राध्यापकाच्या हातात, तिने आकडे जसे आले तसे मांडावेत, याचं मोल मला तरी फार वाटतं. पुढे डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंनी हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेतल्या लांघणजला उत्खननात काम केलं, नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला आणि 'युगान्त' लिहून महाभारतातली माणसं माणसांसारखी पाहायला मराठी वाचकाला शिकवलं. हे सगळं मला एकाच हाताचं काम वाटतं.

एप्रिल 1980 मध्ये ऱ्होडेशिया गेला आणि झिंबाब्वे आला. देशाचं नावच त्या भिंतींवरून, झेंड्यावर तो दगडी पक्षी. दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयाने 1981 मध्ये त्यांतले काही पक्षी परत केले, पण फुकट नव्हे. बदल्यात मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांच्या वर्गातल्या कीटकांचा मोठा संग्रह घेतला. राष्ट्राचं दैवत आणि गांधीलमाश्या यांची अदलाबदल करणाऱ्या कारकुनाला तो कागद टाइप करताना काय वाटलं असेल कोण जाणे.

इथे गोष्ट थांबवली तर ती फार गोड होईल. नव्या देशात काही लेखकांनी ग्रेट झिंबाब्वेला आदर्श रामराज्य करून टाकलं, तेव्हा परत आलेल्या गार्लेक यांनी त्यावरही टीका केली. स्मारकाभोवती राहणारे नेमान्वा, चारुंबिरा आणि मुगाबे हे गट (माजी अध्यक्षांशी या नावाचा संबंध नाही) तर आजही नाराज आहेत. जोस्ट फॉन्टाइन या मानवशास्त्रज्ञाने त्यांच्यात राहून 2006 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं की गोऱ्या सरकारने त्यांना जागेपासून तोडलं, आणि स्वतंत्र सरकारने कुंपण तसंच ठेवून तिकीटघर चालवलं. पूर्वजांच्या आत्म्यांसाठीचे विधी करायला परवानगी मागावी लागते, पवित्र झऱ्याची हेळसांड झाली, आणि पुरातत्त्ववाले मडक्यांचं ऐकतात पण आमचं ऐकत नाहीत, ही त्यांची तक्रार. शिवाय या तिन्ही गटांत जागा मुळात कुणाची यावर भांडण आहेच. तिथे खापर उत्तर देऊ शकत नाही. तिथे माणसांजवळ बसावं लागतं.

आता घरचं पाहू. आपल्याकडे दोन्ही प्रकारचा माल मिळतो: आपलं काढून परक्याला देणारा आणि आपलं नसलेलंही आपल्या नावावर करणारा. दुसऱ्याचा नमुना 2001-02 मधला. खंभातच्या आखातात सोनारने घेतलेल्या प्रतिमांत चौकोनी आकार दिसले, तळातून उपसून काढलेल्या एका लाकडाचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं आलं आणि केंद्रीय मंत्र्यांनी बुडालेल्या प्राचीन नगरीची घोषणा केली. आखातातल्या भरती-ओहोटीचा जोर भयंकर. तिथल्या तळावर उपसायंत्राने ओरबाडून वर आलेल्या वस्तूला थर नसतो. लाकूड जुनं असेल, पण ते नदीने कुठून वाहून आणलं हे लाकूड सांगत नाही. पुन्हा तेच: लाकडाचं वय म्हणजे नगरीचं वय नव्हे.

पहिल्या प्रकाराला आपल्या वेरूळइतकं गिऱ्हाईक दुसरं नाही. एरिक फॉन डॅनिकेनचं परग्रहवासीयांचं पुस्तक 1968 मध्ये जर्मनीत निघालं, मराठीतही त्याचे पडसाद उमटले, आणि आता मोबाइलवर दर आठवड्याला कुणी तरी कैलास लेण्यासमोर उभं राहून विचारतं: हे माणसाने कसं केलं असेल? या मंडळींच्या यादीत पिरॅमिड, नाझका, पेरूचे दगड, कैलास हे नेहमीचे. स्टोनहेंज कधीमधी डोकावतं हे मान्य, पण युरोपातली उंच उंच मध्ययुगीन चर्चं त्यात जवळजवळ नसतात. तिथे बांधणाऱ्यांची बुद्धी गृहीत धरली जाते. शंका येते ती काळ्या-सावळ्या हातांची.

त्यांचा लाडका आकडा म्हणजे चार लाख टन दगड, अठरा वर्षांत. जरा मोजून पाहू. जेम्स बर्जेसच्या काळापासून छापली जाणारी मापं अशी: खोदलेलं अंगण सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद, मागचा कडा 107 फूट. हा सगळा खड्डा पेटीसारखा, चारी बाजूंनी 107 फूट खोल धरला तरी तो 45 लाख घनफुटांच्या आसपास येतो, आणि बेसॉल्टच्या वजनाने पावणेचार लाख टन. आणि खड्डा पेटीसारखा नाही. डोंगर पुढे उतरता आहे, मध्ये अख्खं मंदिर उभं ठेवलं आहे. म्हणजे चमत्कारवाल्यांचा दगड त्यांच्याच खड्ड्यात मावत नाही. समजा 30 लाख घनफूट काढला. समजा एक पाथरवट टाकी-हातोड्याने दिवसाला चार घनफूट फोडतो. साडेसात लाख माणूस-दिवस झाले. 500 माणसं, वर्षाला 300 दिवस: पाच वर्षं. ढोबळ हिशेब आहे, यात कोरीव काम नाही, पण राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने सतराएक वर्षं राज्य केलं. डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी शैलीचा बारकाईने अभ्यास करून बहुतेक काम याच राजाच्या कारकिर्दीत झालं असं मत दिलं. काहींच्या मते ते अनेक राजांच्या काळात पसरलं आहे. तो वाद खरा वाद आहे.

वरून खाली खोदत गेल्यामुळे परांच्याही बांधाव्या लागत नाहीत, हे कळायला वेरूळमध्येच छोटा कैलास नावाचं अर्धवट राहिलेलं जैन लेणं पाहावं. काम कुठे थांबलं, कुठे टाकीचे घाव तसेच आहेत, हे तिथे दिसतं. लिखित पुरावाही आहे. बडोद्याला मिळालेल्या, शके 734 च्या कर्क राजाच्या ताम्रपटात एलापूरच्या डोंगरावरच्या कृष्णराजाच्या मंदिराचं वर्णन येतं, रा. गो. भांडारकरांनी ते कैलासाशी जोडलं. त्यात म्हटलंय की ते पाहून देव थक्क झाले, आणि घडवणाऱ्या कारागिरालाही आपल्या हातून हे कसं झालं याचं नवल वाटलं. म्हणजे 'हे कसं केलं असेल' हा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि विचारणारा स्वतः करणारा होता.

माझ्या हिशेबातल्या त्या 500 माणसांची नावं ताम्रपटात नाहीत. पण त्यांच्याबद्दल विचारण्याजोगं खूप आहे. एवढ्या टाक्या रोज बोथट होणार, म्हणजे धार लावायला लोहार हवेत, लोहारांना कोळसा, कोळशाला जंगल. सगळ्यांना धान्य आणि पाणी. दगडाची शीर कुठे आहे, पहार कुठे बसवायची, हे ज्ञान आजही वडार आणि पाथरवट कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यांच्याकडून कामाचा वेग, हत्यारांची झीज, उन्हाळ्या-पावसाळ्यातला फरक विचारून वरचा माझा ढोबळ हिशेब नीट करता येईल. आणि धान्य कोणत्या गावांतून आलं असेल, कोणत्या गावांचं उत्पन्न देवळांना लावून दिलं होतं, हे शोधायचं तर राष्ट्रकूटांचे दानाचे ताम्रपट आहेतच. गावांची, नद्यांची, चतुःसीमांची नावं त्यांत ओळीने दिलेली असतात.